वस्तादांची स्पेशल खोली आणि माझं मेडिक्लेमचं टेबल

मेडिक्लेमच्या टेबलावर मला बसिवलं तवा त्या टेबलावर तीन वस्तू हुत्या. एक फोन, एक फॅक्सचं मशीन आणि एक पिवळी फाईल. मी तिन्हीला भ्यायचो. फोन वाजला की वाटायचं, आता पुण्याचं हापिस इंग्लिशमधी बोलणार. फॅक्स घरघरला की वाटायचं, आता कुणाचं तरी नाकारलं. फाईल काय वाजत न्हवती, पण उघडली की आतनं फॉर्म निघायचा आणि त्यातलं रकानं एवढं बारीक की मुंगीनं सही करावी.

आमच्यात बायकाबी "मी गेलतो, मी आलतो" असंच बोलत्यात. ह्या दिवाळी अंकाच्या संपादक बाई म्हणाल्या तसंच लिव्हा, म्हणून तसंच लिवतोय. मी नववीपातूर शिकलोय, मग लग्न झालं, आणि कसबा बावड्यात आलो. मंगळवार पेठेतल्या एका दवाखान्यात केसपेपर लिवायच्या कामाला लागलो. नाव, गाव, वय, काय दुखतंय, झालं. पोरगी आठ महिन्यांची, तिला आत्तींकडं ठेवायचो. आत्ती म्हंजे सासूबाई. ह्यांची फौंड्री तीन पाळ्यांवरनं एका पाळीवर आलती, त्यामुळं माझा पगार म्हंजे घरातला निम्मा शिधा.

तर मेडिक्लेमच्या टेबलावर कल्पना मॅडम हुत्या, त्या बाळंतपणाला माहेरी गेल्या. डॉक्टरसायबांनी मला बोलावलं आणि म्हणालं, रेखा, तीन महिनं बस तिथं, काय न्हाय त्यात, कागद पाठवायचं आणि कागद घ्यायचं. मी म्हटलं, सायेब, मला इंग्लिश येत न्हाय. ते म्हणालं, वाचता येतंय न्हवं? मी म्हटलं, येतंय, पण बोट ठेवून. त्यावर सायेब म्हणालं, मग बोट ठेवून वाच, बोट ठेवून वाचणारा घाई करत न्हाय.

तीन महिन्यांसाठी बसिवलं आणि आता तिसरं वर्ष सरतंय. कल्पना मॅडम परत आल्याच न्हाईत.

मेडिक्लेम म्हंजे काय ते मलाच ठावं न्हवतं. कल्पना मॅडमनी जाता जाता एका दुपारी शिकीवलं. माणूस दरवर्षी कंपनीला हप्ता भरतो. आजारी पडला, दवाखान्यात ॲडमिट झाला, की बिल कंपनी देती. पण कंपनी स्वतः कागद बघत न्हाय, मधी पुण्याला एक हापिस बसलंय, ते बघतंय. आपण पुण्याला फॅक्स करायचा की असं असं पेशंट हाय, एवढा खर्च हुईल. पुणं म्हणालं मंजूर, की पेशंटनं खिशात हात घालायचा न्हाय. पुणं म्हणालं क्वेरी, की आपण कपाळाला हात लावायचा. क्वेरी म्हंजे त्यांनी इचारलेला प्रश्न, आणि प्रश्न असा की त्याचं उत्तर आपण पयल्याच कागदावर लिवलेलं असतंय.

आणि दोन वाक्यं मॅडमनी पाठ करून घेतली, लोकं हीच दोन इचारत्यात म्हणून. एक, "आधीचा आजार असंल तर चार वर्षं थांबावं लागतंय, चार वर्षं हप्ता भरला की मग तो कवर होतो." दोन, "खोली कुठलीबी घ्या, मिळतंय." पयलं वाक्य खरं हुतं. दुसऱ्यानं माझा नुसता जीव घ्यायचा बाकी ठेवलाता.

घरी गेल्यावर आत्तींनी इचारलं, काय गं हे नवीन काम? मी म्हटलं, आत्ती, ही भिशीच हाय. लई माणसं हप्ता भरत्यात. पण नंबर चिठ्ठी काढून लागत न्हाय, ज्याचं हाड मोडलं त्याचा लागतो. आत्तींनी लई इचार केला. मग म्हणाल्या, आणि जो धडधाकट ऱ्हायला त्याला काय? मी म्हटलं, त्याला काय न्हाय, तो धडधाकट ऱ्हायला हेच त्याचं. आत्ती म्हणाल्या, असली भिशी आमच्या गल्लीत कुणी काढली असती तर बायकांनी तिला नळावर उभं ऱ्हाऊ दिलं नसतं.

आत्तींचं काय चूक न्हाय. तसली माणसं टेबलावरबी यायची. गुळाच्या अडतीतलं एक पावणं आलं, तीन वर्षांच्या पावत्या माझ्याफुडं पत्त्यासारख्या मांडल्या आणि म्हणालं, ताई, तीन वर्षांत मला साधी सर्दी न्हाय झाली, निम्मं तरी परत द्या. मी समजावलं. ते उठलं, दारापातूर गेलं, परत आलं, आणि आवाज बारीक करून म्हणालं, मग निदान दातं तरी बघून घेऊ का? दातं कवर न्हाईत म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं जणू मीच त्यांची खाल्ली.

आणि एक हुतं आमच्या दवाखान्याच्याच पेठेतलं फुटबॉलवालं. कॅशलेसला, म्हंजे बिल थेट कंपनीनं भरायला, चोवीस तास ॲडमिट ऱ्हावं लागतंय, हा नियम. ह्यांना उलट्या झाल्या, सलाईन लावलं, मंजुरी आली, सगळं गोड. विसाव्या तासाला खाट रिकामी. फायनल हुती म्हणं. हाताला सलाईनची सुई तशीच, वर फडकं गुंडाळून गडी मैदानावर. मी पुण्याला फोन लावला, मॅडम, चारच तास कमी पडलं, मॅच हुती. पुण्याच्या मॅडमनी शांतपणे इचारलं, पेशंट मैदानावर कसे होते? मी खरं ते सांगितलं, उभं ऱ्हाऊन वरडत हुतं. क्लेम गेला. मॅचबी गेली. ते पावणं अजून मला भेटलं की मॅचचंच सांगत्यात, क्लेमचं न्हाय.

ह्या पुण्याच्या मॅडमचं नाव मला ठावं न्हाय, त्या नाव सांगायच्या पण इतक्या भराभर की पकडायच्या आधी निसटायचं. आवाज मातुर दुधावरच्या सायीसारखा. कवा वरडल्या न्हाईत, कवा हसल्या न्हाईत. त्यांच्या त्या शांतपणाचंच मला जास्त भ्या वाटायचं.

आता वस्तादांचं सांगतो.

दुसऱ्या महिन्यात सुमनआक्का आल्या. शिवाजी पेठेत ब्लाऊज शिवत्यात. मालक वारल्यापास्नं वडलांपाशीच असत्यात. वडील म्हंजे दत्तू वस्ताद. चाळीस वर्षं तालमीत पोरं घडीवलेलं माणूस. सदुसष्ट वय, मान अजून खांबासारखी, पण पोटाच्या खालच्या अंगाला लिंबाएवढी गाठ. हर्निया. सोमवारी ॲडमिट, बुधवारी सकाळी नऊला ऑपरेशन.

सुमनआक्कांनी वडलांच्या नावानं एक लाखाची पॉलिसी काढलेली. चार वर्षं एकबी हप्ता चुकिवलेला न्हवता. हर्नियाला दोन वर्षं थांबावं लागतंय, ती कवाच सरलेली. कागद असं चोख की मला त्यांच्याकडं बघून बरं वाटलं. फॉर्म भरता भरता त्यांनी सांगितलं की मोटारवरच्या शिलाई मशीनला इसार देऊन ठेवलाय, फॉल-पिको सगळं हुतं त्याच्यावर, कोपऱ्यावरचा गाळाबी बघितलाय, मशीनचं पैसं डब्यात साठिवल्यात. त्या डब्याला दवाखान्यासाठी हात लावायला लागू नये म्हणूनच तर ही पॉलिसी.

मग त्यांनी इचारलं, खोलीचं कसं असतंय?

"खोली कुठलीबी घ्या आक्का," मी म्हटलं, "मिळतंय."

त्या टेबलावर बसल्यापास्नं मी पयल्यांदा काय तरी न भिता बोललो, आणि तेच चुकलं.

त्यांनी स्पेशल खोली घेतली, दोन हजार रुपये दिवसाला. चैनीसाठी न्हवं. पेठेत माणूस आजारी पडला की बघायला येणाऱ्याला बसायला जागा पायजे आणि हातात चहा पायजे, न्हाय तर आजारी माणसाची इज्जत जाती. त्यात हे वस्ताद. सोमवारी सांच्यापातूर मी सदतीस माणसं मोजली, मग फॅक्स घरघरला म्हणून मोजायचं सोडलं. कुणी किटलीतनं थंडाई आणली, कुणी उकडलेली अंडी, एकानं दुधाच्या कॅनमधनं पांढरा रस्सा. वस्तादांना डॉक्टरांनी हलकं खायला सांगितलेलं. ते सगळं मग बघायला आलेल्यांनीच तिथं बसून संपवलं आणि जाताना वस्तादांना म्हणालं, अशक्त दिसतायसा, खात जावा.

मंगळवारी सकाळी पुण्याचा फॅक्स आला. मंजूर. मी त्या येळंपातूर मंजूर हा शब्द दिसला की फुडचं वाचायचो न्हाय, आनंदानं. पण त्या दिवशी कागद वाकडा निघाला, सरळ करताना बोट खालच्या वळीवर पडलं, आणि बोट पडलं की मी वाचतोच. लिवलं हुतं की खोलीचं भाडं पॉलिसीच्या रकमेच्या एक टक्का, म्हंजे दिवसाला हजार रुपये. आणि त्याच्याफुडं एक लांबलचक इंग्लिश शब्द.

मी पुण्याला फोन लावला. मॅडम म्हणाल्या, "प्रपोर्शनेट डिडक्शन लागेल, मॅम." मी म्हटलं, म्हंजे? त्यांनी सांगितलं. मला कळलं न्हाय. परत सांगितलं. परत कळलं न्हाय. शेवटी मी म्हटलं, मॅडम, मी नववी शिकलोय, बावड्याला ऱ्हातो, मला वाईच भाकरीच्या भाषेत सांगा. बहुतेक त्यांना असं कुणी कवा म्हटलंच न्हवतं. मग त्यांनी हळूहळू, एकेक घास भरीवल्यागत सांगितलं, आणि मला कळलं.

मी समजत हुतो की खोलीचं हजार वरचं गेलं म्हंजे हजारच गेलं. तसं न्हवतं. खोली जेवढ्या पटीत म्हाग घेतली, तेवढ्या पटीत बाकीचं सगळंच कापत्यात. खोली दुप्पट घेतली म्हंजे ऑपरेशनचं निम्मं, भूल देणाऱ्या डॉक्टरचं निम्मं, ऑपरेशन थेटराचं निम्मं. उरलेलं निम्मं सुमनआक्कांनी भरायचं. म्हंजे डबा रिकामा.

मी म्हटलं, मॅडम, आधी असं न्हवतं की. त्या म्हणाल्या, या वर्षीच्या नूतनीकरणापासून आहे, पुस्तिकेत पान नऊ. मी पुस्तिका काढली. नवी कोरी, आठ आणि नऊ पान एकमेकाला चिकटलेली. नखानं सोडवली. पान नऊ तिथंच हुतं. कुणी उघडलंच न्हवतं, ना कंपनीच्या एजंटनं, ना सुमनआक्कांनी, ना मी.

कल्पना मॅडमना फोन लावला. तिकडं बाळ रडत हुतं, त्याच्यावरनं वरडून त्या म्हणाल्या, गप बस गं, डिस्चार्जच्या दिवशी कंपनीनं कापलं म्हणून सांगायचं, आपण कापतोय का? फोन ठेवला आणि मला आठवलं. पयल्या महिन्यात उजळाईवाडीकडची एक बाई हुती, तिच्या मालकाचं असंच कापून आलतं, आणि मी तिला हेच म्हटलतं, कंपनीनं कापलं. तिलाबी मीच सांगितलतं की खोली कुठलीबी घ्या. त्या फॅक्सवरबी ही वळ असणार, मी वाचली न्हवती. त्या बाईनं पदराच्या गाठीतनं पैसं काढून भरलं आणि जाताना मला थँक्यू म्हटलं. तिनं शिव्या घातल्या असत्या तर मी आतापातूर इसरलो असतो. थँक्यू अजून खुपतंय.

अजून ऑपरेशन झालं न्हवतं. बुधवारी नऊच्या आत वस्ताद जनरल वार्डात आलं, तर ऑपरेशन जनरलच्या दरानं लागणार आणि कंपनी जवळजवळ सगळं देणार. नऊच्या नंतर काय उपेग न्हाय. मी उठलो. उठलो खरा, पण तीनदा परत बसलो.

सुमनआक्कांना व्हरांड्यात गाठून सगळं सांगितलं. त्या बाकड्यावर बसल्या. पदराला टोचलेली सुई काढली, परत टोचली, काढली, टोचली.

"तुमीच म्हटलासा की, कुठलीबी घ्या."

"व्हय आक्का. मीच म्हटलं. न वाचता म्हटलं."

मग सुमनआक्का उठल्या आणि म्हणाल्या, चला, आता त्यास्नीबी तुमीच सांगा.

खोलीत नऊ माणसं हुती. सोफ्यावर चार, खिडकीत दोन, आणि तिघं वस्तादांच्या खाटंवर, वस्ताद एका कडंला अंग चोरून. मी भिताडाला टेकून कसंबसं सांगितलं. वस्ताद म्हणालं, म्हंजे मी जनरल वार्डात पडायचं? तालमीचा वस्ताद, आठ खाटांच्या मधी? बघायला येणाऱ्यानं उभं ऱ्हायचं?

तालमीतलं एक जण म्हणालं, हात् तिच्या, एवढंच न्हवं, वस्ताद, आमी पेठेत वर्गणी काढतो, सांच्यापातूर जमतंय. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

तवा सुमनआक्का त्या वर्गणीवाल्याकडं वळून बोलल्या. आवाज चढिवला न्हाय.

"चार वर्षं ब्लाऊजाच्या हुकाहुकातनं हप्ता भरलाय मी, आण्णा. वडलांसाठी कुणाफुडं पावती पुस्तक फिरू नये म्हणून. आता तुमी ते फिरवू नका."

वर्गणीवालं खाली बघाय लागलं. वस्ताद लेकीकडं बघत ऱ्हायलं. मग म्हणालं, सगळी भाईर जावा, ह्या पोरीला मला नीट सांगू द्या. सगळी गेली. सुमनआक्काबी गेल्या, बहुतेक डोळं पुसायला.

मी म्हटलं, वस्ताद, मटणाच्या खानावळीत जातायसा न्हवं? खाली साधा हॉल, वर एसी हॉल. तुमच्या लेकीनं तुमच्या नावानं साध्या हॉलातल्या ताटाचं पैसं आधीच भरल्यात. पोटभर ताट, तांबडा, पांढरा, सगळं. पण तुमी वर एसीत जाऊन बसलासा. तिथं नुसत्या खुर्चीचं जास्त लागत न्हाय, तिथं भाकरीबी म्हाग, रस्साबी म्हाग, कांदाबी म्हाग. कंपनी म्हणती, आमी खालच्याच ताटाच्या हिशोबानं देणार.

वस्तादांनी डोळं बारीक केलं. "म्हंजे डॉक्टरच्या सुरीलाबी एसी?"

"व्हय."

"सुरी निराळी असती काय वर?"

"सुरी तीच. डॉक्टर तेच. दर निराळा."

"आणि पोट माझंच," वस्ताद म्हणालं. ही सगळी पॉलिसी मी त्या पुण्याच्या मॅडमकडनं तीनदा ऐकली, पण त्यातलं खरं दुखणं वस्तादांनी एका दमात पकडलं.

पण समजलं म्हणून माणूस हलतंय असं न्हाय. मी वस्तादांच्या पायाकडं बघितलं. चादरीखाली अंगठं सारखं हलत हुतं. आता मी जलमाची भित्री, त्यामुळं दुसऱ्याचं भ्या मला लांबनं दिसतंय, लपिवलेलं तर जास्तच. मी इचारलं, वस्ताद, काल झोप लागली का?

त्यांनी दाराकडं बघितलं, बंद हाय का म्हणून.

"काल मला बघायला पन्नासभर माणसं आली. त्यातल्या बारा जणांनी हर्नियाच्या ऑपरेशनमधी गेलेल्या माणसाची गोष्ट सांगितली. एकानं तर त्याच्या मातीला किती गर्दी हुती तेबी सांगितलं. आणि मी हसतोय. हसावंच लागतंय, वस्ताद हाय न्हवं मी." मग लई बारीक आवाजात, "मला भ्या वाटतंय, पोरी."

मी म्हटलं, मलाबी. त्यांनी इचारलं, तुला गं कशाचं? मी म्हटलं, सुमनआक्कांच्या डब्याचं. फोनचं, फॅक्सचं, सायबांचं, पान नऊचं. वस्ताद असं हसलं की गाठ धरून कळवळलं.

मग मी म्हटलं, जनरल वार्डात बघायला येणाऱ्यांना चार ते पाच एवढाच टाईम हाय, दोघं दोघं सोडत्यात, दारात वॉचमन असतोय. त्यांचं अंगठं हलायचं थांबलं. आणि पाच नंबरच्या खाटंवर एक दूधवालं मामा हाईत, त्यांचं हेच ऑपरेशन शनवारी झालंय.

"जिवंत हाय?"

"चालत्यात. चहात साखर कमी म्हणून सिस्टरसंगं भांडत्यातबी."

"नुसतं बघून येऊया," वस्ताद म्हणालं.

आमी गेलो. दूधवाल्या मामांनी ओळख-पाळख न काढता पैरणीचं टोक वर केलं आणि टाकं दाखीवलं. वस्तादांनी वाकून असं बघितलं जणू आखाड्यात पोराचा डाव बघतायत. किती येळ लागला, भूल कशी देत्यात, शुद्धीवर आल्यावर पयलं काय दिसलं, सगळं इचारलं. सहा नंबरची खाट रिकामी हुती, तिच्यावर टेकलं. अर्ध्या तासानं मी म्हटलं, वस्ताद, चला, खोलीत जाऊया? ते म्हणालं, माझं पांघरूण हिकडं आण.

चार वाजता पेठ आली. वॉचमननं दोघं दोघं सोडली. वस्तादांनी छाती काढून सांगितलं, खोलीत एकट्याला करमंना, सगळा जलम माणसांत झोपलोय. सुमनआक्का शेजारी उभ्या हुत्या, त्यांनी तोंडाला पदर लावला. सांच्यापातूर पेठेत झालं की वस्ताद स्पेशल खोली सोडून गोरगरिबांच्यात जाऊन पडलं, काय माणूस, काय माणूस. फुडच्या महिन्यात पेठेतली दोन पेशंट आली, त्यांनी मागून जनरल वार्ड घेतला. वस्तादांची सहा नंबरची खाट कुठली ती इचारून.

पण मंगळवारी सांच्याला डॉक्टरसायबांनी मला आत बोलावलं. समोर बिलाचं रजिस्टर. म्हणालं, रेखा, माझी स्पेशल खोली तू रिकामी केलीस? माझ्या डोळ्याफुडं आमची फौंड्री, पोरीचं दूध, आत्ती, सगळं फिरलं. मी म्हटलं, व्हय सायेब. का? पान नऊ, सायेब. सायबांनी हात फुडं केला आणि म्हणालं, बघू. मी पुस्तिका दिली. त्यांनी वाचलं. वाचताना, मी खोटं सांगत न्हाय, त्यांनीबी वळीखाली बोट ठेवलं. मग म्हणालं, उद्यापास्नं खोली द्यायच्या आधी पेशंट तुझ्या टेबलावर पाठवायचा. मी भाईर येऊन केसपेपरच्या खिडकीपाशी जमिनीवरच बसलो.

ऑपरेशन झालं. वस्ताद शुद्धीवर आलं, पयलं दूधवालं मामाच दिसलं. तिसऱ्या दिवशी सिस्टरची तक्रार आली की सहा नंबरचा पेशंट सगळ्या वार्डाला सकाळच्याला खाटंवर बसवून मोठमोठ्यानं श्वास घ्यायला लावतो, आणि ज्याचं टाकं वल्लं हाईत त्यालाबी सोडत न्हाय.

डिस्चार्जच्या दिवशी पुण्याचा शेवटचा फॅक्स आला. मी आणि सुमनआक्का, दोघींनी मिळून वाचला, एकाच बोटानं. ऑपरेशन सगळं मिळालं. कापलं ते स्पेशल खोलीतल्या पयल्या दिवसाचं वरचं, आणि कापूस, हातमोजं, दाढीचं पातं असलं किरकोळ. कंपनी हर्निया काढायचं पैसं देती, पण त्याच्या आधी केस काढायचं देत न्हाय. सुमनआक्कांनी पाकिटातनंच भरलं. डब्याला हात लागला न्हाय.

दिवाळीच्या आधी त्या परत आल्या. नव्या मशीनवरचा पयला ब्लाऊज माझा शिवलाता, अंदाजानंच, आणि बरोबर बसला. टेबलाफुडं बसून म्हणाल्या, सगळ्या कोल्हापूरला ताटं समजावतायसा, तुमचं स्वतःचं ताट कुठल्या हॉलातलं?

आमच्या घरात पॉलिसी न्हवती. पोरगी तापली की मी तिला छातीशी धरून दवाखान्याच्या मागच्या दारानं आणायचो, सायेब पैसं घेणार न्हाईत ह्या आशेवर. रोज दुसऱ्यांचं फॉर्म भरत हुतो, आणि आपल्या नावाचा फॉर्म भरायचं मलाच भ्या वाटत हुतं, नाव लिवलं म्हंजे आजार घरात बोलवल्यासारखं हुईल म्हणून. सुमनआक्कांनी पिवळ्या फायलीतनं एक कोरा फॉर्म वढला आणि माझ्याफुडं सरकवला. म्हणाल्या, भरा, मी बसलोय हितं.

ह्यांचं नाव, माझं, पोरीचं. हळूहळू बोट खाली आलं ते आधीच्या आजाराच्या रकान्यावर थांबलं. तिथं खोटं लिवलं की फुडं क्लेम जातो हे मी रोज लोकांना सांगतो. म्हणून मी पुण्याला फोन लावला.

"मॅडम, माझा स्वतःचा फॉर्म भरतोय. आधीचा आजार इचारलाय. मला ल्हानपणापास्नं भ्या वाटतंय. लिवायचं का?"

आणि पुण्याच्या मॅडम हसल्या. पयल्यांदा. चांगलं खळखळून, मागनं कुणी तरी काय झालं इचारलं इतक्या मोठ्यांदा.

"तो आजार नाही, मॅम," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, मग कवर न्हाय म्हणा की.

"बरं, आधीचा आजार धरू," त्या म्हणाल्या, "चार वर्षांनी कव्हर होईल."

तीन हप्तं भरून झाल्यात, एकबी चुकिवला न्हाय. एक वर्ष ऱ्हायलंय.